ओळख करून घेण्याचा धर्म

काही महिन्यांपूर्वी एका हिंदी लेखाचा मराठी अनुवाद माझ्याकडे आला होता. त्यात 'दूसरे धर्म के लोग' असे शब्द होते. मी सवयीने 'परधर्मीय' लिहिले आणि पुढे गेले. अनुवाद तपासणाऱ्या ताईंनी त्या शब्दावर लाल खूण केली आणि समोर एवढेच लिहिले, "मूळ लेखात 'दूसरे' आहे. 'पर' कुठून आला?"

'परधर्मीय' हा शब्द चुकीचा नाही. वर्तमानपत्रांत तो नेहमी येतो. पण 'पर' म्हणजे नुसता दुसरा नव्हे, परकासुद्धा. लेखकाने जे म्हटले नव्हते ते माझ्या हातून अनुवादात शिरले होते. म्हणजे ते आधी माझ्या मनात असणार. मी शब्द बदलून 'इतर धर्मांचे लोक' असे केले, पण त्या लाल खुणेने मला एक जुनी गोष्ट आठवली. ती मी कोणाला सांगितली नव्हती. आज तुम्हाला सांगते, कारण तिच्यातला प्रश्न माझ्या एकटीचा नाही. ज्यांच्या शेजारी आपण राहतो, ज्यांच्याबरोबर एका बाकावर बसून शिकतो, त्यांचा धर्म आणि त्यांचे जगणे समजून घेणे हे आपले कर्तव्य आहे का? की ते नुसते सौजन्य आहे, केले तर चांगले, नाही केले तरी चालते?

माडीवरची खोली

आम्ही रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहतो. आमच्याकडे 'पारा' म्हणजे वस्ती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडमध्ये मराठी कुटुंबे आहेत, त्यांतलेच आमचे एक. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, अशा तीन भाषांत आमचा दिवस जातो.

आमच्या देवघराशेजारच्या भिंतीवर नागपूरच्या ताजुद्दीन बाबांची तसबीर आहे. पणजोबांनी ती नागपूरहून आणली होती. बाबांना लोकांनी वेडे ठरवून वेड्यांच्या इस्पितळात ठेवले होते. 1908 साली रघुजीराजे भोसल्यांनी त्यांना तिथून सोडवून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात सन्मानाने आणले. 1925 साली बाबा गेले. ताजबागेत आजही हिंदू-मुसलमान दोघेही माथा टेकतात. आमची आजी दर गुरुवारी त्या तसबिरीला फूल वाहते.

याच घराची माडी आम्ही शिकणाऱ्या मुलींना भाड्याने देतो. गेल्या वर्षी जुलैमध्ये एक मुलगी वडिलांबरोबर खोली बघायला आली. काकांनी खोली दाखवली, नळ किती वाजता येतो ते सांगितले, भाडे सांगितले. वडिलांना खोली पसंत पडली. मग काकांनी नाव विचारले. नाव ऐकल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अरे, ये तो कल ही किसी को बोल दिया था. ध्यान में ही नहीं रहा."

वडील "कोई बात नहीं" म्हणाले आणि त्यांनी खाली ठेवलेली पिशवी उचलली. मी जिन्यात उभी होते. ती मुलगी माझ्याच वर्गात नुकतीच आली होती. तिने मला ओळखले, मान हलवली आणि ती खाली उतरली. मी काहीच बोलले नाही. खोली कोणालाही बोललेली नव्हती. दिवाळीपर्यंत ती रिकामी होती.

तक्ता बरोबर, तरी चुकलेला

फेब्रुवारीत आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी सर्व धर्मांचा परिचय करून देणारे प्रदर्शन भरवले. अनुवादाचे काम करते म्हणून इस्लामचा तक्ता माझ्याकडे आला. मी एका संध्याकाळी मोबाइलवर वाचून तो तयार केला. कलमा, नमाज, रोजा, जकात आणि हज असे पाच आधारस्तंभ, हिरवी चौकट, कोपऱ्यात चंद्रकोर. सगळ्यांनी कौतुक केले.

तीही आली. आता आम्ही एकाच बाकावर बसत होतो, कारण हजेरीपटात आमचे क्रमांक पाठोपाठ होते. तिने तक्ता शांतपणे वाचला आणि दोन ओळींवर बोट ठेवले. मी लिहिले होते, रोजा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. ती हसून म्हणाली, "सूरज निकलने तक खाते रहे तो रोजा हुआ ही नहीं." रोजा पहाट फुटते तेव्हापासून सुरू होतो, सूर्योदयाच्या तासभर तरी आधी. दुसरी ओळ जकातीची होती. मी लिहिले होते, उत्पन्नाच्या अडीच टक्के. वाणिज्य शाखेच्या मुलीने ही चूक करावी! जकात वर्षाच्या मिळकतीवर नसते. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेली संपत्ती एक चांद्रवर्ष जवळ राहिली, तर तिचा चाळिसावा भाग गरजूंना द्यायचा असतो. म्हणजे हा हिशेब नफा-तोटा पत्रकाचा नाही, ताळेबंदाचा आहे.

मग ती म्हणाली, "मेरे से पूछ लेती ना."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण मला जिना आठवला. सात महिने ती माझ्या डाव्या हाताला बसत होती. तिच्या धर्माबद्दल लिहायचे ठरले तेव्हा मी हजारो मैलांवरच्या अनोळखी लोकांनी लिहिलेले वाचले आणि हातभर अंतरावरच्या माणसाला एक शब्द विचारला नाही. मला वाटत होते की मी माहितीसाठी वेळ वाचवत आहे. खरे तर मी तिच्याशी बोलणे टाळत होते. बोलले असते तर खोलीची गोष्ट निघाली असती.

आपल्याकडे 'जागृती' या शब्दाचा अर्थ पुष्कळदा तक्ता लावणे, व्याख्यान ठेवणे, पत्रके वाटणे एवढाच होतो. ते वाईट नाही. पण माहिती माणसाला न भेटताही मिळते. ओळख मात्र भेटल्याशिवाय होत नाही, आणि ती झाली की आपल्यावर काही जबाबदारी येते. म्हणूनच कदाचित आपण माहितीवर थांबतो.

जमाखर्चाची वही

त्यानंतर आम्ही दोघी बोलू लागलो. एकदा मी तिला मराठीतले जमाखर्चाचे शब्द वाचून दाखवत होते. जमा, खर्च, बाकी, रक्कम, वसूल, हिशेब, नफा, कर्ज. ती म्हणाली, "ये तो सब हमारे यहाँ के हैं." मी म्हटले, "आमचेही तेच आहेत." हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले. ते काढून टाकले तर आमच्या सदर बाजारातल्या मराठी दुकानदाराला वहीचे एक पान लिहिता येणार नाही. 'जकात' शब्दही तसाच. धर्माने सांगितलेल्या दानाचा शब्द मराठीत येता येता नाक्यावरच्या कराचा झाला. शब्द घरात आला, अर्थ मात्र दारातच राहिला.

आणखी बऱ्याच गोष्टी तिच्याकडून कळल्या, ज्या तक्त्यावर मावल्या नसत्या. इस्लामी वर्ष साधारण 354 दिवसांचे असते. आपल्या पंचांगात अधिक महिना येतो आणि सण आपापल्या ऋतूत राहतात. त्यांच्यात अधिक महिना नाही, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणजे आमच्या परीक्षांच्या तोंडावर. पहाटे उठून सहरी, दिवसभर पाणीसुद्धा नाही आणि पाच वाजता जादा तास. तास संपेपर्यंत रोजा सोडायची वेळ होते. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी आमचा करनिर्धारणाचा तास असतो. वर्गातली मुले उठून गेली की मागून कोणीतरी हसते. मासिक पाळीच्या दिवसांत मुली रोजा ठेवत नाहीत, ते दिवस नंतर भरून काढतात. पण ती तेव्हाही सगळ्यांसमोर डबा उघडत नाही, कारण "आज रोजा नहीं है क्या?" असे कोणीतरी विचारतेच, आणि उत्तर काय देणार?

एकदा मी विचारले, "तुमच्यात व्याज घेत नाहीत ना?" ती म्हणाली, "अब्बू नहीं लेते. बँक जो देती है, किसी जरूरतमंद को दे देते हैं. पर मेरे चाचा की तो एफडी है." आम्ही दोघी खूप हसलो. त्या दिवशी माझ्या मनातले 'तुमच्यात' थोडे सैल झाले. रायपूरच्या बाजारात बोहरा व्यापारी आहेत, मेमन आहेत, पिढ्यान् पिढ्या छत्तीसगढी बोलणारी मुसलमान कुटुंबे आहेत. बोहरा समाजाचे पंचांग गणिताने ठरलेले असते, त्यामुळे त्यांचा रमजान इतरांच्या एक-दोन दिवस आधी सुरू होऊ शकतो. 2011 च्या जनगणनेनुसार छत्तीसगडमध्ये मुसलमान जेमतेम दोन टक्के. एवढ्या लहान समाजातही इतके प्रकार असताना आपण 'ते लोक असेच' हे वाक्य किती सहज बोलतो!

मनात येणाऱ्या तीन शंका

हे लिहिताना तुमच्या मनात काय येत असेल याचा अंदाज मला आहे, कारण ते माझ्याही मनात आले.

पहिली शंका : दुसऱ्याच्या धर्मात इतके शिरलो तर आपली निष्ठा पातळ होणार नाही का? विनोबांकडे पाहा. 1932 साली 'गीताई' देणारा हा माणूस पुढे अरबी शिकला, मूळ कुराण त्याने वर्षानुवर्षे अभ्यासले आणि 1962 मध्ये त्यातील वचनांचे सार प्रसिद्ध केले. त्यामुळे त्यांची गीता कमी झाली का? उथळ पाण्यात दुसऱ्याचा पाय पडला की गढूळ होते. निष्ठा खोल असेल तर तिला भीती नसते. आपली साधना दुसऱ्याविषयीच्या अज्ञानावर उभी असेल, तर ती साधना आपण आधी तपासायला हवी.

दुसरी शंका : समजून घ्यायचे म्हणजे सगळे मान्य करायचे का? नाही. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई सात मुसलमान महिलांना घेऊन मुंबईत मोर्चाने गेले. मागणी होती, तोंडी तलाक बंद करा. 22 मार्च 1970 रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. पुढे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरवला. त्या मोर्चातल्या स्त्रियांना आपला समाज आतून ठाऊक होता, म्हणून त्यांच्या टीकेला वजन होते. ओळख न करून घेता केलेली टीका आणि ओळख न करून घेता केलेली स्तुती, दोन्ही सारख्याच पोकळ. मित्राला त्याची चूक सांगता येते. अनोळखी माणसाची फक्त निंदा करता येते.

तिसरी शंका थोडी हट्टाची : आम्हीच का? त्यांनीही आमचे समजून घ्यावे. त्यांनी घेतले आहे. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. आपल्या काळात डॉ. यू. म. पठाण यांनी औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात मराठी विभागाचे प्रमुख म्हणून संतसाहित्य आणि महानुभाव वाङ्मय शिकवले, विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या घडवल्या, आणि 1990 साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. विद्यापीठाच्या आवारात ज्ञानदेवांचा अर्थ एका पठाणसरांकडून समजून घेणाऱ्या मुलांना त्यात काही वेगळे वाटले नसेल. आणि समजा, समोरच्याने असे काहीच केले नसते, तरी काय? कर्तव्य ही उधारी नाही की आधी त्याने फेडावी, मग आपण.

ज्ञान जिन्यातच थांबले तर

आमच्या घरापासून बूढापारा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 1877 साली लहानगा नरेंद्र, पुढचे स्वामी विवेकानंद, आईवडिलांबरोबर तिथे राहायला आला होता. त्याच्या कोलकात्याच्या घरातली एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. वडील वकील, पक्षकारांसाठी जातीजातीचे आणि मुसलमानांसाठी वेगळे हुक्के ठेवलेले. जात मोडली तर काय होते हे पाहायला या मुलाने एकेक करून सगळे हुक्के ओढून पाहिले. छत कोसळले नाही.

हाच मुलगा मोठा झाल्यावर, 10 जून 1898 रोजी अल्मोड्याहून नैनीतालच्या महंमद सरफराज हुसेन यांना पत्र लिहितो. त्याचा आशय असा की अद्वैताचा विचार कितीही उंच असला तरी तो वागण्यात उतरला नाही तर माणसांना त्याचा उपयोग नाही, आणि समतेचे आचरण आपल्याला इस्लाममध्ये सगळ्यांत जास्त दिसले. विचार आमच्याकडे आहे, आचरण त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे, असे हिंदू धर्माचा एवढा मोठा प्रवक्ता एका मुसलमान गृहस्थाला मोकळेपणाने लिहितो.

हे पत्र मी पूर्वीही वाचले होते. त्याच्यावरच्या एका लेखाचा अनुवादही केला होता. सर्वांभूती एकच आत्मा आहे, हे वाक्य तर मी इतक्या वेळा मराठीत आणले आहे की आता ते न बघता लिहिता येते. आणि तरीही मी जिन्यात गप्प उभी राहिले. खाली देवघराशेजारी ताजुद्दीन बाबांची तसबीर होती, त्यांना फूल वाहिलेले होते, आणि वर खोली होती, ती त्यांच्याच धर्माच्या मुलीला मिळाली नाही. गेलेल्या फकिराला नमस्कार करणे सोपे आहे. तो माडीवर राहायला येत नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. शेजाऱ्याची ओळख करून घेणे हे कर्तव्यच आहे, कारण ओळख नसते तिथे रिकाम्या जागी आपली भीती बसते, आणि मग आपण चांगले लोक असूनही अन्याय करतो. आमचे काका दुष्ट नाहीत. कोणाच्या घरी आजारपण असले की रात्री पहिले तेच धावतात. त्यांनी त्या मुलीला नाकारले नाही, एका नावाला नाकारले. त्या नावामागच्या मुलीची ओळख मी करून देऊ शकत होते, आणि ती मी करून दिली नाही. वर्गमैत्रिणीने मला सांगितले की कुराणाच्या 49 व्या सुऱ्यात माणसांमध्ये वेगवेगळे वंश आणि जमाती असण्याचे कारण दिले आहे, ते म्हणजे त्यांनी एकमेकांना ओळखावे. मला ते वाचून शरमल्यासारखे झाले.

आपण काय करू शकतो

आपल्यापैकी बरेच जण महाविद्यालयांत, विद्यापीठांत शिकतात किंवा शिकवतात. त्यांच्यासाठी चार साध्या गोष्टी.

दुसऱ्या धर्माविषयी काही लिहायचे, बोलायचे किंवा पुढे पाठवायचे असेल तर आधी त्या धर्माच्या एका तरी माणसाला विचारा. पण त्या एका माणसाला सगळ्या समाजाचा वकील करू नका. जगात कुठेही काही घडले की वर्गातल्या मुलीकडे वळून बघणे हा तिच्यावर अन्याय आहे.

जादा तास, सराव परीक्षा, सहल ठरवण्याचे काम तुमच्याकडे असेल तर रमजानची संध्याकाळ आणि शुक्रवारची दुपार एकदा आठवा. पंधरा मिनिटे पुढे-मागे केल्याने बहुतेक वेळा काम भागते. गणपतीच्या दिवसांत आपल्यासाठी कोणी एवढे केले तर आपल्याला किती बरे वाटते!

घरी बोलवा आणि बोलावले तर जा. काय खाता, काय खात नाही हे मोकळेपणाने सांगा. आमची आजी कांदा-लसूणही खात नाही. इफ्तारला गेले तेव्हा माझ्यासाठी खजूर, कलिंगड आणि भजी वेगळी ठेवलेली होती.

आणि शेवटची, सर्वांत अवघड. तुमच्यासमोर कोणाला नावावरून नाकारले जात असेल, कोणावर हसले जात असेल, तेव्हा बोला. भांडायची गरज नाही. "ही माझ्या वर्गात आहे, मी हिला ओळखते" एवढे पुरते.

मी तिची क्षमा मागितली. खूप दिवस शब्द जुळवत होते. ती म्हणाली, "कमरा तो मिल गया था ना," आणि जीएसटीच्या नोट्स मागितल्या. तिच्या वडिलांना त्या दिवशी काय वाटले असेल ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. ती सध्या बैजनाथपाऱ्यात नातेवाइकांकडे एका खोलीत चौघींबरोबर राहते.

घरीही सांगितले. आजी म्हणाली, "तेव्हाच का नाही बोललीस? मला कुणी विचारलंच नाही." काका बराच वेळ गप्प होते. मग "बघू" म्हणाले. आमच्याकडे 'बघू'चा अर्थ दोन्हीकडे लागतो. जूनमध्ये माडीवरची खोली रिकामी होते आहे. या वेळी दारात कोणाला नाव विचारले गेले तर मी जिन्यात उभी राहणार नाही, खाली येईन. हा माझा संकल्प आहे, आणि तो पाळला जावा म्हणूनच तुमच्यासमोर लिहिला आहे.